सी. कुमार एन. पटेल

चंद्र कुमार नारणभाई पटेल (जन्म: २ जुलै १९३८, बारामती, पुणे जिल्हा) हे भारतात जन्मलेले अमेरिकन भौतिकशास्त्रज्ञ व अभियंते कार्बन डायऑक्साईड लेसरचे जनक म्हणून ओळखले जातात. उद्योग, शस्त्रक्रिया आणि प्रकाशतंतूंवरील प्रक्रिया अशा परस्परांपासून दूरच्या क्षेत्रांत हा लेसर वापरला जातो.

शिक्षण

पुणे विद्यापीठाच्या शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालयातून त्यांनी १९५८ मध्ये पदवी घेतली. त्यानंतर अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठातून १९५९ मध्ये पदव्युत्तर पदवी व १९६१ मध्ये डॉक्टरेट मिळवून ते त्याच वर्षी बेल लॅबोरेटरीज या संशोधनसंस्थेत रुजू झाले.

कार्बन डायऑक्साईड लेसर

त्या काळातील वायू-लेसर मुख्यतः अणूंच्या इलेक्ट्रॉनी ऊर्जापातळ्यांवर चालत. या पातळ्या मूळ अवस्थेपासून फार उंच असल्याने पुरवलेल्या ऊर्जेचा अत्यल्प भागच प्रकाशरूपाने बाहेर पडे. रेणूंच्या कंपनाच्या व परिवलनाच्या पातळ्या मात्र मूळ अवस्थेच्या बऱ्याच जवळ असतात. त्या वापरल्यास कार्यक्षमता वाढेल, हा पटेल यांच्या संशोधनाचा गाभा होता. शुद्ध कार्बन डायऑक्साईडमधून मिळालेली आरंभीची शक्ती मिलिवॅटच्या घरातली होती. १९६४ मध्ये ‘फिजिकल रिव्ह्यू’ या नियतकालिकात हे काम प्रसिद्ध झाले.

निर्णायक पाऊल त्याच वर्षी पडले. विद्युतविसर्गाने उत्तेजित झालेला नायट्रोजनचा रेणू आपली कंपन-ऊर्जा प्रारणरूपाने सहज सोडू शकत नाही; तो ती बराच काळ धरून ठेवतो. त्याची पहिली कंपनपातळी कार्बन डायऑक्साईडच्या लेसर-क्रियेतील वरच्या पातळीशी जवळजवळ जुळते. त्यामुळे दोन रेणूंची टक्कर होताच साठलेली ऊर्जा नेमकी हव्या त्या पातळीत उतरते. मिश्रणात हेलियमची भर घातल्यावर खालची पातळी लवकर रिकामी होऊ लागली व वायू थंड राहू लागला. १९६५ मध्ये शक्ती १०० वॅटच्या पुढे गेली. केवळ वायूंचे मिश्रण बदलून एवढा फरक पडावा, हे या संशोधनाचे वैशिष्ट्य मानावे लागेल.

प्रकाशतंतूंशी संबंध

या लेसरचा प्रकाश अवरक्त असून त्याची प्रमुख तरंगलांबी १०.६ मायक्रोमीटर आहे. सिलिका काच ही तरंगलांबी तीव्रतेने शोषून घेते, म्हणून दूरसंचारातील नेहमीच्या तंतूंतून हा प्रकाश वाहून नेता येत नाही. शस्त्रक्रियेत त्यासाठी आरसे बसवलेला सांधेजोड दांडा किंवा पोकळ नलिका वापरावी लागते. धातू कापण्याच्या कामात पुढे तंतू-लेसरांनी त्याची बरीच जागा घेतली, त्याचे हेही एक कारण होय. उलट, याच शोषणामुळे काचतंतूची टोके वितळवून घडवणे, तंतू निमुळता करणे आणि त्यावर दीर्घ-आवर्ती जाळी कोरणे या कामांसाठी हा लेसर उपयुक्त ठरला.

पुढील संशोधन

१९७० मध्ये पटेल व ई. डी. शॉ यांनी चुंबकीय क्षेत्रात ठेवलेल्या इंडियम अँटिमोनाईड स्फटिकाच्या साहाय्याने स्पिन-फ्लिप रामन लेसर सादर केला. क्षेत्राची तीव्रता बदलून त्याची तरंगलांबी बदलता येते. असे उपकरण बलूनमधून स्थितांबरात पाठवून पटेल व सहकाऱ्यांनी तेथील नायट्रिक ऑक्साईड मोजले. त्याचे प्रमाण सूर्यप्रकाशानुसार बदलते, असे या मोजमापांतून दिसले. ओझोनच्या नाशात या वायूचा वाटा किती, हा त्या दशकातील वादाचा विषय होता. ही मोजमापे १९७४ मध्ये ‘सायन्स’मध्ये प्रसिद्ध झाली. द्रव व घन पदार्थांतील अतिशय क्षीण शोषण ध्वनिरूपाने मोजण्याच्या पद्धतीवर अँड्र्यू टॅम यांच्यासह लिहिलेला आढावा १९८१ मध्ये ‘रिव्ह्यूज ऑफ मॉडर्न फिजिक्स’मध्ये आला.

उद्धरणे व प्रभाव

पटेल यांच्या कामाचा प्रभाव केवळ उद्धरणांच्या संख्येवरून मोजणे अपुरे ठरते. एखादी कल्पना सर्वमान्य झाली की तिचा मूळ स्रोत नोंदवणे थांबते, असे समाजशास्त्रज्ञ रॉबर्ट मर्टन यांनी दाखवून दिले होते. पद्धतीवरील आढावालेख त्या पद्धतीचे वापरकर्ते उद्धृत करतात. घशातील गाठ या लेसरने काढणारा शल्यविशारद किंवा अॅक्रिलिक कापणारा कारागीर यांना मात्र १९६४च्या निबंधाचा हवाला देण्याचे कारण नसते. असा वापर उद्धरणसूचीत उमटत नाही.

पदे व सन्मान

बेल लॅबोरेटरीजमध्ये कार्यकारी संचालकपदापर्यंत पोहोचून १९९३ मध्ये ते लॉस एंजेलिस येथील कॅलिफोर्निया विद्यापीठात संशोधन विभागाचे कुलगुरूस्तरीय प्रमुख झाले. १९९९ पर्यंत ते त्या पदावर होते. १९९५ मध्ये ते अमेरिकन फिजिकल सोसायटीचे अध्यक्ष होते. त्यांना १९८९ मध्ये आयईईई मेडल ऑफ ऑनर, तर १९९६ मध्ये अमेरिकेचे राष्ट्रीय विज्ञान पदक मिळाले. २०१२ मध्ये नॅशनल इन्व्हेंटर्स हॉल ऑफ फेममध्ये त्यांचा समावेश झाला. २००० मध्ये त्यांनी स्थापन केलेली प्रानालिटिका ही कंपनी क्वांटम कॅस्केड लेसरच्या क्षेत्रात काम करते.