अख्खं विमान ठरवणारी माणसं

लग्नाला नाहीतर देवदर्शनाला जायचं असलं की आपण एसटीची गाडी प्रासंगिक करारावर घेतो. एकेक तिकीट काढायचं नाही, अख्ख्या गाडीचं भाडं भरायचं. चाळीस माणसं बसली काय आणि पंचवीस बसली काय, भाडं तेच. म्हणून गाडी ठरवणारा घरोघर फिरून माणसं गोळा करतो, कारण रिकाम्या जागेचा भुर्दंड त्याच्याच डोक्यावर. युरोपात विमानंसुद्धा अशी करारावर घेतात. त्याला चार्टर म्हणतात. अशाच एका जर्मन विमान कंपनीची, कॉन्डोरची, हकिगत आज आम्ही सांगणार आहोत. तिची विमानं आपल्या शेजारच्या गोव्यातही उतरली आहेत.

दुसरं महायुद्ध हरल्यावर जर्मनांना स्वतःची विमानं चालवायला बंदी होती. ती १९५५ साली उठली आणि त्याच वर्षी डिसेंबरात ही कंपनी निघाली. नाव तेव्हा वेगळं होतं. भांडवल घातलं लुफ्तान्झानं, दोन जहाज कंपन्यांनी आणि चक्क जर्मन रेल्वेनं. विमानं तीन, तीही वापरलेली, एकेकात ३६ जागा. मार्च १९५६ मध्ये पहिली फेरी झाली ती कुणाची? यात्रेकरूंची. ख्रिस्ती लोकांच्या पवित्र भूमीला जाणाऱ्यांची. आपल्याकडेही गावातून पहिली बस ठरते ती पंढरपूर-तुळजापूरचीच, नाही का?

मग लोक स्पेनच्या मायोर्का बेटावर ऊन खायला जाऊ लागले. केकच्या पावडरीसाठी नावाजलेल्या ओटकर घराण्याची कॉन्डोर नावाची छोटी विमान कंपनी होती. ती १९६१ साली यांनी घेतली आणि तिचंच नाव स्वतःला लावलं. १९६६ मध्ये फेऱ्या थायलंड, श्रीलंका, केनियापर्यंत गेल्या आणि १९७१ मध्ये तर प्रचंड मोठं जम्बो विमान आलं.

एवढी माणसं परवडणाऱ्या दरात जायची कशी? सहल कंपनी हंगामाआधीच विमानातल्या जागा घाऊक घ्यायची, हॉटेलच्या खोल्याही घाऊक ठरवायची आणि प्रवास, राहणं, खाणं असा एकच भाव लावायची. जे विमान नवे पाहुणे सोडायचं, तेच आधीच्या आठवड्यातल्या पाहुण्यांना घेऊन परतायचं. रिकामी फेरी दोनदाच: हंगामाच्या सुरुवातीला येताना आणि शेवटी जाताना. कारखान्यात राबणाऱ्या जोडप्यालाही समुद्र दिसला तो या हिशेबामुळे. ही गोष्ट लहान नाही.

पण एकदाच भरलेला तो पैसा जमा व्हायचा जर्मनीत. हॉटेलवाल्याला त्यातलं किती द्यायचं हे सहल कंपनी ठरवणार, आणि घासाघीस करण्यात ती तरबेज.

१९८७ साली कॉन्डोरचं चार्टर विमान गोव्यात दाबोळीला उतरलं. त्याच सुमारास 'जागृत गोंयकारांची फौज' या संघटनेनं जर्मन पाहुण्यांचं स्वागत पत्रकांनी आणि शेणानं केलं. पाहुण्यांना बिचाऱ्यांना कळेना, आपलं काय चुकलं. राग माणसांवर नव्हता. मोठ्या हॉटेलांना पाणी मिळणार आणि गावच्या विहिरी आटणार, किनाऱ्याची वाट बंद होणार, हा त्यांचा सवाल होता. आम्हांला शेण फेकणं पटत नाही, पण हंडा डोक्यावर घेणाऱ्या बाईला तो सवाल समजावून सांगावा लागणार नाही. चार्टर विमानं येत राहिली. ऑक्टोबर ते मार्चच्या हंगामावर टॅक्सीवाले, शॅकवाले, खोल्या भाड्यानं देणाऱ्या बाया यांची वर्षाची बेगमी होऊ लागली.

आता २०१९. तोवर कॉन्डोरची मालकी ब्रिटनच्या थॉमस कुक समूहाकडे होती. (आपल्या शहरांत त्या नावाचं ऑफिस दिसतं, ती भारतातली कंपनी तेव्हाही वेगळीच होती.) १८४१ साली सुरू झालेला तो धंदा २३ सप्टेंबरला कर्जाखाली बसला. परदेशात अडकलेल्या दीड लाखाच्या आसपास ब्रिटिश प्रवाशांना सरकारनं विमानं भाड्यानं घेऊन घरी आणलं. तिथल्या कायद्यानुसार सहलीचे आगाऊ पैसे बुडाले तर भरून मिळतात, त्यासाठी आधीच निधी साठवलेला असतो. जर्मनीत विमा होता, पण त्याची मर्यादा ११ कोटी युरोचीच. ती पुरेना, तेव्हा उरलेलं भरून द्यायचं सरकारनं कबूल केलं.

कॉन्डोर मात्र बुडाली नाही. जर्मन सरकार आणि हेसे राज्य यांच्या हमीवर ३८ कोटी युरोचं कर्ज मिळालं आणि तिची विमानं उडत राहिली. आता ती एकेक जागाही विकते आणि २०२२ पासून तिच्या विमानांवर रंगीत पट्टे असतात.

प्रवासी घरी पोचले, त्यांच्या पैशांची सोय झाली. हॉटेलवाल्यांचं काय? थॉमस कुककडून बिल मिळायचं ते पाहुणे गेल्यावर दोन-तीन महिन्यांनी. म्हणजे स्पेन, ग्रीस, तुर्कस्तानात भर हंगामाची, जुलै-ऑगस्टची, उधारी थकली होती. हॉटेलवाल्यांसाठी असा निधी नव्हता. ट्युनिशियात एका हॉटेलनं तर कंपनी बुडायच्या आदल्या दिवसांत पाहुण्यांना फाटकातच अडवलं: आधी बिल द्या. पाहुण्यांनी ते केव्हाच भरलं होतं, आपल्या गावातल्या दुकानात. गोव्यात हंगाम तोंडावर आला होता. थॉमस कुकची ब्रिटनहून येणारी विमानं त्या ऑक्टोबरात आलीच नाहीत.