चाकोरीबाहेरची चाकं

‘चाकोरी’ हा शब्द मराठीला बैलगाडीनं दिला. लाकडी चाकावर लोखंडी धाव, ती अरुंद. त्यामुळं मातीत खोल रेघ पडायची आणि मागून येणारा प्रत्येक गाडीवान निमूटपणे त्याच रेघेतून जायचा. मलिक अंबरानं १६१० साली वसवलेल्या खडकीत, म्हणजे पुढच्या औरंगाबादेत आणि २०२३ पासूनच्या छत्रपती संभाजीनगरात, पिढ्यान् पिढ्या असंच चाललं. चाकोरीबाहेर चाक नेण्याचं पाप आमच्या घराण्यात माझ्या हातून घडायचं होतं. ते १९९५ साली घडलं.

आमच्या आप्पांकडे १९७६ ची प्रीमियर पद्मिनी होती. बाईचं माहेर इटलीचं, मूळ नाव फियाट ११००. वालचंद हिराचंदांच्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सनं तिला कुर्ल्यात नांदवली आणि १९७४ पासून ‘पद्मिनी’ हे नाव दिलं. इंजिन १०८९ सीसीचं. टायर ५.२० इंच रुंद, १४ इंची रिमवर. एवढ्याशा चाकांवर ती उभी राहिली की, नऊवारीतल्या भारदस्त आत्याबाईंनी उंच टाचांच्या चपला घातल्यासारख्या वाटत.

अशात रद्दीच्या दुकानात मला एक अमेरिकन मासिक सापडलं. १९६४ च्या पाँटियाक जीटीओपासून तिकडं दांडगट गाड्यांची लाट आली होती. त्या गाडीचं इंजिन ६.४ लिटरचं, म्हणजे जवळजवळ सहा पद्मिन्या एकाच बॉनेटखाली! एवढी ताकद रस्त्यावर उतरवायची तर टायर रुंदच हवा. अरुंद टायर जागच्या जागीच गरगरतो. हे सगळं तिथं छापलेलं होतं. पण वाचतो कोण? मी चित्र पाहिलं.

उस्मानपुऱ्यातल्या उस्तादांनाही तेच दाखवलं. ते म्हणाले, “साब, गाडी पहलवान दिखेगी!” चार रुंद मॅगव्हील आले, त्यांवर १७५ मिलिमीटरचे रेडियल टायर चढले. आधीचे जेमतेम १३२ मिलिमीटरचे. चाकं मडगार्डच्या बाहेर डोकावू लागली. आप्पांनी गाडीभोवती एक प्रदक्षिणा घातली, “छान आहे,” म्हणाले आणि जुनी चाकं मात्र विकू दिली नाहीत. ती माडीखालच्या अंधारात गेली.

आप्पांचा एक नेम होता. दर गुरुवारी संध्याकाळी मकाई दरवाज्यातून बेगमपुऱ्यात मित्रांकडे जायचं, दोन डाव ब्रिज खेळून परतायचं. नवी चाकं लागल्यावर तीन गुरुवार गेले. चौथ्या गुरुवारी म्हणाले, “संध्याकाळचं नीट दिसत नाही रे आता. डोळे गेले.” आम्ही चष्म्याचा नंबर तपासला. तो होता तेवढाच होता. आप्पा ओसरीवर बसून एकटेच पत्ते लावू लागले.

मग एकदा मीच ती गाडी घेऊन बेगमपुऱ्याकडे निघालो. मकाई दरवाज्याच्या कमानीत समोरून पाण्याचा टँकर आला. टँकर मागं हटेल? शक्य नाही. मी रिव्हर्स टाकला, स्टिअरिंग फिरवू लागलो आणि मनगटातून कळ गेली. पद्मिनीला पॉवर स्टिअरिंग नाही. रुंद टायर रस्त्याला जास्त जागेत चिकटतो, त्यात चाक बाहेर आलं की वळवायला आणखी जोर लागतो. गाडी पळत असताना ते फारसं जाणवत नाही. गाडी थांबली की जाणवतं. मी तेव्हा पस्तिशीचा. आप्पा एकाहत्तरचे, आणि बोटांत संधिवात.

डोळे नव्हेत, मनगटं गेली होती. तीही मी घालवली होती.

हवेचा टायर बेलफास्टमधल्या जॉन बॉइड डनलॉप नावाच्या गुरांच्या डॉक्टरानं केला, १८८८ मध्ये त्याचं पेटंटही घेतलं. कशासाठी? तर मुलाला तीनचाकी सायकलवर धक्के बसत होते म्हणून! बापानं मुलाचे हाल पाहून चाक बदललं. मी मुलगा, मासिकातलं चित्र पाहून बापाचं चाक बदललं.

बुधवारी जुनी चाकं माडीखालून काढून चढवली. उस्तादांनी मॅगव्हील निम्म्या किमतीत परत घेतले आणि वर चहा पाजला. गुरुवारी पाच वाजता आप्पा खाली आले, चाकांकडे पाहिलंन पाहिल्यासारखं केलं आणि खुंटीवरची किल्ली घेतली.

मी विचारलं, “आप्पा, डोळे?”

“आज जरा बरे वाटताहेत,” आप्पा म्हणाले.