न दिसणाऱ्या वेदनेचे दप्तर

हाताच्या मज्जातंतूला इजा झाल्यावर जखम भरून येते, हाड सांधते आणि तरीही महिनोन्‌महिने, कधी आयुष्यभर, टिकणारी जळजळीत वेदना मागे उरते, अशी एकटदुकट वर्णने एकोणिसाव्या शतकाच्या आरंभीही सापडतात. ब्रिटिश शल्यचिकित्सक अलेक्झांडर डेन्मार्क यांनी १८१३ मध्ये अशाच एका जखमी सैनिकाची हकीकत छापली होती आणि त्या सैनिकाची वेदना अखेर हात कापूनच थांबली होती. परंतु या अवस्थेची पद्धतशीर नोंद सुरू झाली ती अमेरिकेतील यादवी युद्धात. शंकूच्या आकाराच्या नव्या मिनिए गोळ्यांनी हातापायांच्या जखमांची संख्या अतोनात वाढवली होती, आणि सैन्याचे मुख्य वैद्यकीय अधिकारी विल्यम हॅमंड यांनी मज्जातंतूंच्या इजांसाठी फिलाडेल्फियात वेगळे रुग्णालय उभारले होते. टर्नर्स लेन या नावाने ओळखल्या गेलेल्या त्या रुग्णालयात सायलस वेअर मिचेल, जॉर्ज मोरहाउस आणि विल्यम कीन या तिघांनी प्रत्येक रुग्णाचे सविस्तर टिपण ठेवले आणि १८६४ मध्ये त्यांवर आधारलेला ग्रंथ प्रसिद्ध केला.

त्या टिपणांचे मोल त्यांच्या बारकाव्यांत आहे. कातडी ताणलेली, लालसर आणि चकचकीत दिसते. रुग्ण हाताला सतत ओले फडके गुंडाळून ठेवतो आणि पाण्याची बाटली जवळ बाळगतो. कागदाची सळसळ किंवा शेजारून जाणाऱ्याच्या पावलांचा हादरासुद्धा त्याला सोसवत नाही, आणि काही जण चालताना बुटांतही पाणी ओतत, अशी निरीक्षणे त्यांत आहेत. १८६७ मध्ये मिचेल यांनी या अवस्थेसाठी ‘कॉझल्जिया’, म्हणजे दाहक वेदना, हे नाव वापरले. ते त्यांना वैद्यकीय कोशकार रॉब्ली डंग्लिसन यांनी सुचवले होते.

याच तिघांनी १८६४ मध्येच ढोंगी रुग्ण कसा ओळखावा यावरही लेख लिहिला होता, ही गोष्ट सहसा विसरली जाते. युद्ध टाळण्यासाठी आजाराचा बहाणा करणारे सैनिक होते, आणि इथर देऊन बेशुद्धीच्या उंबरठ्यावर त्यांचे हात हलतात का हे पाहिले जात असे. एकाच वॉर्डात एका सैनिकाच्या वेदनेवर विश्वास ठेवायचा आणि शेजारच्याच्या वेदनेवर संशय घ्यायचा, तर निर्णयाला आधार फक्त काटेकोर नोंदीचाच उरतो. या दप्तराची पुढील कसोटी १८९५ मध्ये लागली. मिचेल यांचे चिरंजीव जॉन यांनी वडिलांच्या जुन्या रुग्णांचा पुन्हा मागोवा घेऊन इजेच्या दूरगामी परिणामांवर पुस्तक प्रसिद्ध केले, आणि तीसेक वर्षांपूर्वीच्या टिपणांवाचून ते लिहिताच आले नसते.

मात्र रोगांचे जागतिक वर्गीकरण ज्या वाटेने घडले त्या वाटेवर अशा वेदनेला जागा नव्हती. विल्यम फार यांच्या मृत्युसारण्यांपासून झाक बर्तियाँ यांनी १८९३ मध्ये शिकागोत मांडलेल्या यादीपर्यंत सारा भर मृत्यूच्या कारणांवर होता, आणि कॉझल्जियाने सहसा कोणी मरत नाही. रुग्णालयांतील आजारांची आकडेवारीही एकसारखी ठेवावी, हा फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांचा १८६० मधील आग्रह बराच काळ कागदावरच राहिला. जिवंत माणसांच्या आजारांना या वर्गीकरणात रीतसर स्थान मिळाले ते १९४८ च्या सहाव्या आवृत्तीत.

दरम्यान नावांचा गोंधळ वाढत गेला. जर्मनीत १९०० मध्ये पॉल झुडेक यांनी इजेनंतर हाडे ठिसूळ होण्याचे वर्णन केले. फ्रान्समध्ये रने लेरिश यांनी दोष अनुकंपी चेतासंस्थेत, म्हणजे रक्तवाहिन्या आणि घाम यांचे नियंत्रण करणाऱ्या यंत्रणेत शोधला. त्यातून पुढे ‘रिफ्लेक्स सिम्पथेटिक डिस्ट्रॉफी’ हे नाव रूढ झाले. अखेर १९९४ मध्ये वेदनेच्या अभ्यासाच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने ‘कॉम्प्लेक्स रीजनल पेन सिंड्रोम’ हे नाव स्वीकारून त्याचे दोन प्रकार केले: मोठ्या मज्जातंतूची इजा सिद्ध झालेली नसेल तर पहिला, आणि ती सिद्ध असेल तर दुसरा, म्हणजे जुना कॉझल्जियाच.

अमेरिकेत १९८३ पासून मेडिकेअर ही सरकारी विमा योजना रुग्णालयांना निदानगटानुसार पैसे देऊ लागली आणि वर्गीकरणातील निदानाच्या संकेतांकाला पैशाचे वजन आले. १ ऑक्टोबर २०१५ पासून तेथे लागू असलेल्या, याच जागतिक वर्गीकरणाच्या दहाव्या आवृत्तीच्या अमेरिकी रूपात उजव्या हाताच्या कॉझल्जियाचा संकेतांक जी ५६.४१, डाव्याचा जी ५६.४२ आणि बाजू नोंदलेली नसल्यास जी ५६.४० असा आहे. पहिल्या प्रकाराचे संकेतांक जी ९०.५१ या वेगळ्या गटात येतात आणि एकाच हातासाठी दोन्ही लावता येत नाहीत. उजव्या दंडातील मीडियन मज्जातंतूच्या जुन्या इजेतून वेदना उद्भवली असेल, तर आधी जी ५६.४१ आणि त्यामागे एस ४४.११एक्सएस येतो, ज्यातील शेवटचा ‘एस’ इजेचा मागे उरलेला परिणाम दर्शवतो. बाह्यरुग्ण विभागाच्या कागदात डॉक्टरांनी ‘संशयित’ किंवा ‘बहुधा’ असे लिहिले असेल तर निदानाचा संकेतांक मुळीच लावता येत नाही. प्रकार स्पष्ट नसल्यास कोडरने, म्हणजे नोंदी वाचून संकेतांक लावणाऱ्याने, स्वतः अंदाज न बांधता डॉक्टरांकडे क्वेरी, म्हणजे लेखी विचारणा, पाठवावी लागते. हा नियम जाचक वाटला तरी योग्यच आहे, कारण मज्जातंतूची इजा सिद्ध झाली की नाही हे ठरवणे कोडरचे काम नव्हे.

डॉक्टरांनी काय लिहावे यालाही आता चौकट आहे. या सिंड्रोमच्या निदानासाठीच्या बुडापेस्ट निकषांनुसार संवेदना, त्वचेचा रंग व तापमान, सूज व घाम, आणि हालचाल व केस-नखांतील बदल या चार गटांपैकी किमान तिहींत रुग्णाची तक्रार आणि किमान दोहोंत तपासणीत दिसलेले लक्षण असावे लागते. शिवाय त्या साऱ्याचा उलगडा करणारे दुसरे निदान नसावे लागते. टर्नर्स लेनमधील टिपणे यातील बऱ्याच बाबी सहज पुरवू शकली असती, हे आजच्या घाईत उरकलेल्या दोन ओळींच्या नोंदींबद्दल फारसे बरे बोलत नाही.

जागतिक आरोग्य संघटनेच्या वर्गीकरणाच्या अकराव्या आवृत्तीत, जी १ जानेवारी २०२२ पासून अमलात आली, दीर्घकालीन वेदनेला एमजी ३० हा स्वतंत्र विभाग मिळाला असून वेदनेची तीव्रता, मानसिक त्रास आणि दैनंदिन कामातील अडथळा यांची नोंद जोड-संकेतांकांनी करता येते. अमेरिकेने मात्र ती अद्याप स्वीकारलेली नाही, त्यामुळे अमेरिकी रुग्णालयांचे कागद हाताळणाऱ्या पुणे-नवी मुंबईतील कोडरांना आजही दहाव्या आवृत्तीनुसारच काम करावे लागते.