शनिवारी बंद राहणारा घाणा

अलिबागच्या उत्तरेला समुद्रकाठी नवगाव आहे. फार पूर्वी या किनाऱ्यालगत एक जहाज फुटले आणि त्यातून सात पुरुष व सात स्त्रिया एवढीच माणसे वाचली, असे बेने इस्राएल समाजाची परंपरा सांगते. बाकीच्यांना नवगावातच पुरले. धर्मग्रंथ समुद्राने नेले. हे कोणत्या शतकात घडले, यावर अभ्यासकांचे एकमत नाही. पण कोकणात शतकानुशतके राहिलेल्या या मराठी ज्यू समाजाने एका प्रश्नाचे उत्तर जगून दाखवले आहे. ग्रंथ नाही, गुरू नाही, मंदिर नाही, अशा वेळी धर्म टिकतो तरी कशावर?

या लोकांनी तेल गाळण्याचा धंदा धरला. गावात तेली पुष्कळ, पण यांचा घाणा शनिवारी बंद. ज्यू धर्मात तो विश्रांतीचा पवित्र दिवस. शेजाऱ्यांनी त्यांना ‘शनवार तेली’ म्हणायला सुरुवात केली. मराठी त्यांची मातृभाषा झाली, बायका लुगडे नेसू लागल्या, लग्नात मंगळसूत्र आणि मेंदी आली. गावांवरून आडनावे पडली: नवगावकर, दिवेकर, पेणकर, किहीमकर, रोहेकर. ‘बूट पॉलिश’मधले डेव्हिड यांचे आडनावही चेऊलकर, म्हणजे मूळ गाव चौल.

एवढे सगळे बदलले, पण काही गोष्टी त्यांनी सोडल्या नाहीत. मुलाची सुंता आठव्या दिवशी. खाण्यात खवले आणि पर असलेलेच मासे. आणि ‘शेमा’ ही एक हिब्रू प्रार्थना, ईश्वर एकच आहे असे सांगणारी. जन्म असो, लग्न असो वा मृत्यू, प्रत्येक प्रसंगी हीच प्रार्थना म्हटली जाई. सणांना तर घरगुती मराठी नावे मिळाली. नव्याचा सण, खिरीचा सण, बिरड्याचा सण. पंचांग हरवले तरी कोणत्या सणाला काय रांधायचे, हे हरवले नव्हते.

पुढे कोचीहून डेव्हिड रहाबी नावाचा ज्यू गृहस्थ कोकणात आला. ही माणसे खरोखर ज्यू आहेत का, हे पाहण्यासाठी त्याने बायकांपुढे नाना प्रकारचे मासे ठेवले आणि शिजवायला सांगितले, अशी कथा आहे. बायकांनी खवले व पर असलेले तेवढे मासे उचलले आणि बाकीचे बाजूला सारले. तिची ऐतिहासिकता कितीही तपासली, तरी समाजाने ही कथा जपून ठेवली, यातच तिचा अर्थ आहे. धर्माची परीक्षा स्वयंपाकघरात झाली आणि ती बायकांनी दिली.

मुंबईत गेल्यावर समाजाला संस्था मिळाल्या. इंग्रजी फौजेतले समाजी हसाजी दिवेकर हे टिपूच्या कैदेतून सुटून आले आणि १७९६ मध्ये त्यांनी मांडवीत पहिले सिनेगॉग बांधले. मशीद स्थानकाचे नाव त्याच्यावरूनच पडले, असे मानतात. १८३२ मध्ये जॉन विल्सन यांचे मराठीतले हिब्रू व्याकरण निघाले. १८८० च्या सुमारास तर बायबलमधल्या कथांवर मराठी कीर्तने होऊ लागली. हरवलेला धर्म ग्रंथरूपाने परत आला, तोही मराठीच्या हाताला धरून. घरातला जुना धर्म मात्र चालूच राहिला. नवस फेडायचा किंवा शुभकार्य असले की एलियाहू हनाबीचे नाव घेऊन पोहे, खोबरे, सुकामेवा आणि फळांचा मलिदा करायचा. तो आजही होतो.

१९४८ मध्ये इस्राएल स्थापन झाल्यावर हजारो बेने इस्राएल तिकडे गेले. कोणी छळले म्हणून ते गेले नाहीत. भारतात त्यांना धर्मावरून त्रास झाला नव्हता. पण ज्या भूमीची आठवण एका प्रार्थनेच्या आधाराने जपली, तिथेच त्यांच्यावर शंका घेतली गेली. १९६२ मध्ये तिथल्या मुख्य धर्मपीठाने फर्मान काढले. बेने इस्राएल मुलगा किंवा मुलगी समाजाबाहेरच्या ज्यू व्यक्तीशी लग्न करणार असेल, तर तिची आई, आजी, पणजी यांचे कूळ शक्य तितके मागे जाऊन तपासावे. पूर्वीच्या पिढ्यांतले घटस्फोट आणि पुनर्विवाह शास्त्राप्रमाणे झाले होते का, अशी धर्मपंडितांची शंका होती.

कोकणातल्या खेड्यात पणजीचा दाखला कुठून आणायचा? ज्या आज्या-पणज्यांनी ग्रंथाशिवाय धर्म सांभाळला, त्यांच्याच नावाने पुरावा मागितला जात होता. लोक चिडले. १९६४ च्या उन्हाळ्यात ते जेरुसलेममध्ये आंदोलनाला बसले. त्या ऑगस्टमध्ये इस्राएलच्या संसदेने ठराव केला, की बेने इस्राएल हे सर्व बाबतींत इतर ज्यूंच्या बरोबरीचेच आहेत. त्यानंतर धर्मपीठानेही फर्मानातून त्यांचे नाव काढले.

आज अश्दोद, लोद, रामला, दिमोना या शहरांत त्यांची नातवंडे हिब्रू बोलतात. मराठी आजी-आजोबांपाशी उरली आहे; मलिदा आणि मेंदी मात्र नातवंडांपर्यंत पोचली आहे.

परदेशात वाढणारी आपली मुलेही विचारतात, ‘आपण हे का करतो?’ नेमके शास्त्र आपल्यापैकी अनेकांना सांगता येत नाही आणि मग अपराधी वाटते. त्या तेल्यालाही शनिवारचे शास्त्र सांगता आले असते की नाही, कोण जाणे. ‘आमच्या घरी शनिवारी घाणा चालत नाही,’ एवढे तो नक्की सांगू शकला असता. त्या ‘आमच्या घरी’मध्ये श्रद्धाही होती आणि नातीही. कारण पुढे ग्रंथात सापडले. तोवर ते पाळणारे घर शिल्लक होते, म्हणूनच त्या कारणाला अर्थ उरला.