एकाच तिकिटाची 240 रूपे

परभणी जिल्हा 1948 पर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. संस्थानाची टपाल तिकिटे वेगळी असत आणि त्यांवर उर्दू-इंग्रजीबरोबर मराठी व तेलुगू अक्षरेही दिसत. पहिले, 1 आण्याचे तिकीट 1869 साली लंडनच्या निसेन आणि पार्कर यांनी छापले. पुढच्याच वर्षी अर्ध्या आण्याचे व 2 आण्यांचे तिकीट आले. त्यांचे छपाईचे पत्रे मात्र स्थानिक कारागिरांनी कोरले होते. या प्रत्येक तिकिटाचे 240 प्रकार आढळतात!

असे का व्हावे? युरोपात तेव्हा चित्र पोलादी ठशावर एकदाच कोरत. तो ठसा रुळावर उमटवून त्या रुळाने पत्र्यावर हव्या तितक्या हुबेहूब प्रती उठवीत. याउलट, पत्र्यावरचे प्रत्येक तिकीट हाताने कोरले, की कुठे रेघ लांबते, कुठे अक्षर कलते. कितीही कसबी हात असला तरी तेच अक्षर 240 वेळा तंतोतंत काढणे त्याला जमत नाही. म्हणजे हे फरक कामाच्या रीतीची खूण होत.

पण प्रत्येक फरक पत्र्यातलाच असेल असे नाही. शाई कमी पडते, कागद दुमडतो. हिंदुस्थानच्या 1854 मधील 4 आण्यांच्या तिकिटाची लाल चौकट व राणीचे निळे डोके वेगवेगळे छापत. काही कागद उलटे घातले गेले आणि डोके खाली आले. मग ओळखायचे कसे? तोच दोष वेगवेगळ्या वेळी छापलेल्या प्रतींत पुन्हा दिसला तर तो पत्र्यातला. एकदाच दिसला तर बहुधा अपघात.

वर्गात हे सहज करून पाहता येईल. एका गटाने बटाट्याचा एकच ठसा कोरून तो दहादा उमटवावा. दुसऱ्या गटातील दहा मुलांनी तेच चित्र स्वतंत्रपणे कोरावे. सर्व छाप मिसळून तिसऱ्या गटाला भिंगाने निवडायला द्यावेत. कारणेही विचारावीत.

संग्राहक दुर्मिळ अपघाताला मोल देतात. आम्हांला पुन्हा पुन्हा दिसणारा दोष अधिक बोलका वाटतो. पत्रा केव्हा झिजला हे कळते ते पाकिटावरच्या शिक्क्याच्या तारखेवरून. म्हणून आपल्या भागातील जुन्या घरांत अशी पत्रे सापडली, तर तिकीट कापून घेऊ नये. कात्रीबरोबर पुरावाही जातो.