वेंगुर्ले

वेंगुर्ले : सिंधुदुर्ग जिल्ह्यातील तालुक्याचे ठिकाण, सावंतवाडीच्या पश्चिमेस व गोव्याच्या उत्तरेस अरबी समुद्रावर वसलेले. लोकसंख्या १२,३९२ (२०११). नगरपरिषद १८७६ सालची, म्हणजे कोकणातील जुन्यांपैकी एक. कारभार शहराचा असला तरी वस्तीचा तोंडवळा गावाचाच आहे : माडांच्या बागा, जांभ्या दगडाची कौलारू घरे आणि बंदराकडे उतरत जाणारी बाजारपेठ.

हे बंदर एके काळी मोठे होते. सतराव्या शतकात आदिलशाहीच्या परवानगीने डचांनी येथे वखार घातली. गोव्यातील पोर्तुगीजांची सागरी कोंडी करणाऱ्या डच जहाजांना येथून अन्नपाणी मिळे. वखारीचे भग्न अवशेष अजून उभे आहेत. त्यांची नीट डागडुजी व्हायला हवी. पुढे सावंतवाडीकरांकडे असलेले वेंगुर्ले १८१२ मध्ये इंग्रजांच्या ताब्यात गेले. घाटमाथ्यावरचा माल आंबोलीमार्गे येथे उतरे आणि बेळगावच्या छावणीचे लष्करही याच वाटेने जाई. १८८८ च्या सुमारास मुरगाव बंदर रेल्वेने घाटावरील प्रदेशाशी जोडले गेले आणि वेंगुर्ल्याचा व्यापार तिकडे वळला. त्यानंतर बंदराला जुने दिवस आले नाहीत. कोकण रेल्वेही शहराला वगळून सावंतवाडी-कुडाळवरून गेली. तालुक्यातील चिपी येथे मात्र ऑक्टोबर २०२१ मध्ये विमानतळ सुरू झाला.

आज तालुक्याच्या अर्थव्यवस्थेचा कणा काजू आणि आंबा. त्यामागे येथील प्रादेशिक फळ संशोधन केंद्राचे मोठे काम आहे. १९५७ मध्ये सुरू झालेले हे केंद्र आता दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाकडे आहे. हापूस व नीलम यांच्या संकरातून येथे ‘रत्ना’ हा आंबा तयार झाला. काजूच्या ‘वेंगुर्ला’ नावाच्या क्रमांकित जाती तर कोकणाबाहेरही पोहोचल्या. त्यांतील ‘वेंगुर्ला-४’ आणि ‘वेंगुर्ला-७’ या शेतकऱ्यांच्या विशेष पसंतीच्या. वेंगुर्ला-७ ची एक बी साधारण १० ग्रॅम भरते. बियांपासून वाढवलेल्या झाडाचा भरवसा नसे. कलमांमुळे उत्पन्नाचा अंदाज बांधता येऊ लागला आणि वरकस कातळउतारांनाही किंमत आली. वेंगुर्ला काजूला भौगोलिक मानांकनही मिळाले आहे.

काजू कारखान्यांत काम करणाऱ्यांत बहुसंख्य स्त्रिया आहेत. वाळवलेली बी वाफवून निवली की ती कटरच्या पात्यांमध्ये धरायची, एका हाताने दांडा दाबायचा, पायाने पॅडल मारायचे आणि गर अख्खा निघेल इतकाच जोर द्यायचा. टरफलातील तेल कातडी भाजून काढते, म्हणून हाताला आधी तेल चोपडतात. मग गर पुन्हा तापवून साल सोलतात आणि अख्खा, पाकळी, तुकडा अशी निवड होते. गर अख्खा निघाला तरच भाव चढा मिळतो, तेव्हा या हातांच्या कसबावरच कारखान्याचा नफा उभा असतो. आफ्रिकेतून स्वस्त बी आली की गावच्या बीचा दर पडतो, ही बागायतदारांची जुनी तक्रार असून ती रास्त आहे.

मासेमारीत गाबीत समाज अग्रेसर आहे. रापण ही सामुदायिक पद्धत : होडीतून अर्धवर्तुळाकार जाळे टाकायचे, दोन्ही टोकांचे दोर किनाऱ्यावरून अनेकांनी मिळून ओढायचे आणि मासळीचे वाटे करायचे. बांगडा, तारली हे तिचे नेहमीचे मासे. पर्ससीन जाळ्यांनी किनाऱ्याजवळची मासळी उपसली जाऊ लागल्यावर रापणकरांचे हाल झाले. राज्य शासनाने २०१६ मध्ये पर्ससीनवर निर्बंध घातले, पण त्यांच्या अंमलबजावणीसाठी पारंपरिक मच्छीमारांना वारंवार आंदोलन करावे लागते.

नगरपरिषदेचे नाव अलीकडे राज्यभर झाले ते कचऱ्यामुळे. मुख्याधिकारी रामदास कोकरे यांच्या कारकिर्दीत घरोघरी कचरा वेगळा करूनच घेण्याची शिस्त लागली. ओल्या कचऱ्यापासून खत व बायोगॅस, प्लास्टिकचा चुरा डांबरी रस्त्यात आणि जुन्या कचरा डेपोच्या जागी बाग, असा हा प्रयोग पाहायला इतर पालिकांचे लोक येऊ लागले. एवढ्या लहान पालिकेला हे जमले याचे कारण यंत्रसामग्रीपेक्षा नागरिकांनी उंबरठ्यावरच पाळलेली शिस्त.

बोली मालवणी. तालुक्यातील मोचेमाड, आरवली, शिरोडे ही गावे दशावतारी नाटके, वेतोबाचे देवस्थान आणि १९३० चा मिठाचा सत्याग्रह यांसाठी अनुक्रमे प्रसिद्ध आहेत. कवी मंगेश पाडगावकरांचा जन्म वेंगुर्ल्याचा (१० मार्च १९२९), लेखक जयवंत दळवी आरवलीचे, तर कादंबरीकार वि. स. खांडेकर शिरोड्यात शिक्षक होते. समुद्रातील वेंगुर्ला रॉक्स या खडकबेटांवर दीपगृह असून तेथील गुहांत पाकोळ्या लाळेने घरटी बांधतात. या घरट्यांची चोरटी निर्यात होत असे. पर्यटकांनी ही बेटे होडीतूनच पाहावीत आणि विणीच्या काळात तेथे पाऊल ठेवू नये.