अस्सल कागद आणि बारा वर्षांचा मुलगा

इतिहास अस्सल कागदांवर उभा करावा, हे आपल्याला राजवाड्यांनी शिकवले. पण कागद अस्सल असला म्हणजे तो पूर्ण बोलतो का? हॉवर्ड डली यांचे ‘माय लोबोटॉमी’ हे २००७ साली प्रसिद्ध झालेले आत्मकथन वाचताना हा प्रश्न मला नव्याने पडला.

१६ डिसेंबर १९६० रोजी कॅलिफोर्नियातील सॅन होजे येथे बारा वर्षांच्या हॉवर्डवर डॉ. वॉल्टर फ्रीमन यांनी शस्त्रक्रिया केली. विजेच्या झटक्याने शुद्ध घालवायची आणि वरच्या पापणीखालून टोच्यासारखे हत्यार आत ठोकून मेंदूच्या पुढच्या भागातील जोडण्या तोडायच्या, अशी ही पद्धत. मनोरुग्णालये भरून वाहत होती आणि गुणकारी औषधे नव्हती, त्या काळात लोबोटॉमीला मान मिळाला; तिचे आद्य पुरस्कर्ते एगास मोनिझ यांना १९४९ चे नोबेलही मिळाले. पण १९५४ पासून अमेरिकेत क्लोरप्रोमाझिन हे औषध आले होते. हॉवर्डची पाळी त्यानंतर सहा वर्षांनी आली!

मुलाला झाले तरी काय होते? फ्रीमन यांनी टिपून ठेवले आहे : झोपायला जाताना कुरकुरतो, तंद्रीत असतो, लख्ख उजेडात दिवे लावतो. माहिती सावत्र आईची. सख्खी आई त्याच्या लहानपणीच वारली होती. संमती वडिलांची. मुलाला कोणी विचारलेच नाही.

पुढे मनोरुग्णालय, तुरुंग, बेघरपणा, दारू असे सारे भोगून डली बसचालक झाले. पन्नाशी उलटल्यावर त्यांनी जॉर्ज वॉशिंग्टन विद्यापीठात जतन केलेली आपलीच फाईल उघडली. तीत शस्त्रक्रिया चालू असतानाचे छायाचित्रही होते. वडिलांशी या विषयावर ते प्रथमच बोलले. २००५ साली ही कहाणी अमेरिकन रेडिओवरून त्यांच्याच आवाजात ऐकवली गेली.

फ्रीमन यांनी ही टिपणे आपल्या कामाची नोंद म्हणून जपली. कागदातले एक अक्षरही पुढे बदलले नाही. वाचणारा तेवढा बदलला. ज्याच्याविषयी लिहिले, त्याने वाचताच रोगाची लक्षणे गळून पडली आणि उरल्या एका घरातल्या तक्रारी. म्हणून कोणतेही रुग्णदप्तर उघडताना मी आता आधी पाहतो : यात बोलते कोण, आणि गप्प कोणाला बसवले आहे?